विदुराच्या घरची रात्र आणि आपली गल्ली



आजचं वाचन : महाभारत, उद्योगपर्व. त्यातलं भगवद्यानपर्व. श्रीकृष्ण शिष्टाईसाठी हस्तिनापुरात आले आहेत आणि विदुराच्या घरी उतरले आहेत, तेवढा भाग.

शिष्टाई म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दुसऱ्या दिवशीची भर सभा येते. पाच गावांची मागणी, सुईच्या टोकावर मावेल एवढीही जमीन देणार नाही हा दुर्योधनाचा हट्ट, कृष्णाला बांधायचा बेत आणि मग ते विराट रूप. कीर्तनात बुवा हाच प्रसंग रंगवतात, आणि तो रंगतोही. पण त्याच्या आदल्या रात्री एक शांत संवाद झालेला आहे. तिथे ना सभा, ना शंखनाद. जेवण झालंय, रात्र झालीय आणि दोन समजूतदार माणसं बोलत बसली आहेत. आज आपण तिथेच थांबू.

आधी एवढं लक्षात घ्या की कृष्णाने दुर्योधनाचं जेवणाचं आमंत्रण नाकारलं होतं. कारणही स्पष्ट सांगितलं. दुसऱ्याच्या घरी माणूस दोनच कारणांनी जेवतो : प्रेम असेल म्हणून, नाहीतर अडचणीत असेल म्हणून. तुमचं माझ्यावर प्रेम नाही आणि मी अडचणीत नाही. असं म्हणून ते विदुराकडे आले.

रात्री विदुर म्हणतात (मी माझ्या शब्दांत सांगतोय), देवा, तुमचं हे येणं मला काही पटलं नाही. हा दुर्योधन मानी आहे, लोभी आहे, सैन्य जमवून बसलाय. तुम्ही हिताचं बोलाल आणि तो ऐकणार नाही. बहिऱ्यापुढे गाणं म्हणण्यासारखं होईल ते. असल्या लोकांत तुम्ही जाऊन बोलावं, हेच मला नको वाटतं.

विदुर खोटं बोलत नव्हते. दुसऱ्या दिवशी अक्षरशः तसंच झालं. पण कृष्णाचं उत्तर बघा. ते विदुरांचं म्हणणं खोडत नाहीत. मला सगळं माहीत आहे, दुर्योधनाचं मनही माहीत आहे, आणि ते जाणूनच मी आलोय, असं ते म्हणतात. मग पुढे चार गोष्टी सांगतात. पहिली, चांगल्या कामासाठी माणसाने शक्तीनुसार धडपड केली आणि ते साधलं नाही, तरी त्याचं पुण्य त्याला लागतं. दुसरी, आपलं माणूस चुकीचं करायला निघालं तर प्रसंगी त्याचे केस धरूनही त्याला मागे ओढायचा प्रयत्न करावा. तिसरी, मी दोन्ही बाजूंच्या भल्यासाठी, मनात काही न ठेवता बोलणार आहे. दुर्योधनाने माझ्यावर शंका घेतली तरी माझ्या मनाला समाधान राहील, मी ऋणातून मोकळा होईन. आणि चौथी, उद्या कुणी असं म्हणायला नको की कृष्ण थांबवू शकत होता, पण त्याने थांबवलं नाही.

आता थोडं आपल्या गल्लीत येऊ. तुम्ही म्हणाल, कुठे कुरुक्षेत्र आणि कुठे गल्ली! पण जमिनीचा वाद सुईच्या टोकाएवढा असू शकतो, हे आपल्याला व्यासांनीच सांगून ठेवलंय.

वाशीम जिल्हा झाला 1 जुलै 1998 ला. त्याआधी आपण अकोला जिल्ह्यात होतो. तेव्हाची जी लेआउटं आहेत, ती सायकल आणि लुनाच्या हिशेबाने पडलेली. वीस फुटांची गल्ली, दोन्ही बाजूंना नाली, नालीवर फरशी. घराला ओटा असायचा, पण गाडीला जागा ठेवायचा प्रश्नच नव्हता, कारण गाडीच नव्हती. आता प्रत्येक दोन घरांमागे एक चारचाकी आहे आणि गल्ली वीस फुटांचीच आहे. ज्यांच्या मंजूर नकाशात पार्किंग होतं, त्यातल्या कित्येकांनी तिथे भाड्याची खोली काढली किंवा शटर बसवलं. म्हणजे गाडीची जागा भाड्याने गेली आणि गाडी रस्त्यावर आली.

इंजिनिअर माणूस आहे, म्हणून जरा हिशेब मांडतो. वीस फूट म्हणजे सहा मीटर. साध्या गाडीची रुंदी साधारण पावणेदोन मीटर. दोन्ही बाजूंना समोरासमोर एकेक गाडी लागली की साडेतीन मीटर गेले. भिंत आणि नालीपासून दोन्हीकडे फूटफूट अंतर धरलं की उरतात एक मीटर नव्वद सेंटिमीटर. आपल्याकडे नियमानुसार वाहन 2.6 मीटरपर्यंत रुंद असू शकतं. अग्निशमनचा बंब त्या फटीतून जाणार नाही, आणि 108 ची रुग्णवाहिकाही आरसे मिटून गेली तर गेली.

आमच्या गल्लीत हेच झालं. सुरुवात नेहमीसारखी. "आमच्या घरासमोर गाडी काहून लावली?" "रस्ता का तुमच्या एकट्याचा हाय?" मग एकाने फाटकावर लाल रंगाने नो पार्किंग लिहून घेतलं. समोरच्याने सिमेंट भरलेली टायरं आणून ठेवली. कुणाच्या चाकातली हवा गेली, कुणाच्या दारावर खिळ्याने ओरखडा उठला. गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सकाळी सुविचार आणि रात्री भांडण. दोन घरं अशी होती की ज्यांच्यात पंचवीस वर्षं संक्रांतीचं वाण आणि दिवाळीचा फराळ जात-येत होता. तो बंद झाला.

मग एका रात्री कोपऱ्यापासून आठव्या घरातल्या आजींना दम लागला. 108 आली आणि गल्लीच्या तोंडाशी अडकली. समोरासमोर त्याच दोन घरांच्या गाड्या होत्या. दोघंही बाहेर आले, दोघांच्याही हातात चाव्या होत्या. एक म्हणे, आधी त्यांनी काढावी. दुसरा म्हणे, माझी गाडी माझ्या घरासमोर आहे, मी काहून काढू? शेवटी पोरांनी आजींना स्ट्रेचरवर घेतलं आणि गाडीपर्यंत चालत नेलं. आजी वाचल्या, चार दिवसांनी घरी आल्या. देवाची कृपा. पण त्या रात्री दोन शहाणीसुरती, देवपूजा करणारी माणसं हातात चावी धरून उभी राहिली, हे गल्लीने पाहिलं.

संगणकशास्त्रात याला डेडलॉक म्हणतात. दोन प्रोग्रॅम, प्रत्येकाने एकेक गोष्ट धरून ठेवलेली, आणि प्रत्येक जण दुसऱ्याने सोडायची वाट बघतोय. वेगवेगळे तपासले तर दोन्ही प्रोग्रॅम बरोबर असतात, एकाही ओळीत चूक सापडत नाही. तरी सगळं ठप्प. यातून बाहेर यायचा उपाय म्हणजे कुणीतरी एकाने हातातलं सोडायचं. ते आधी कुणी सोडायचं याला तर्काने उत्तर नसतं. आधी कुणी केलं, कोण जास्त चुकलं, हे खणत बसलात तर मशीन अडकूनच राहतं.

युधिष्ठिराने नेमकं हेच केलं होतं. अर्धं राज्य हक्काचं होतं, त्यावरून तो पाच गावांवर आला. चार गावांची नावं दिली आणि पाचवं म्हणाला, तुम्ही द्याल ते. हातातलं सोडणं याहून वेगळं काय असतं? आणि समोरच्याने काय केलं, तेही आपल्याला माहीत आहे. म्हणून मी तुम्हाला असं सांगणार नाही की एकाने सोडलं की दुसरा सोडतोच. महाभारत तसं सांगत नाही.

मग कायदा काय म्हणतो? तेही बघू, कारण धर्म आणि नियम हे एकमेकांचे वैरी नाहीत. सार्वजनिक रस्त्यावर गाडी कुठे उभी करायची, हे ठरवण्याचा अधिकार मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 117 ने शासनाला आणि शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याला दिला आहे, तोही स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून. म्हणजे फाटकावर आपण रंगवलेला नो पार्किंग हा आपला हट्ट आहे, हुकूम नाही. आपल्या फाटकाचं तोंड कुणी अडवलं तर तक्रार रास्तच आहे. पण फाटकाच्या बाजूची, कंपाउंडला लागून असलेली रस्त्याची पट्टी आपल्या सातबाऱ्यावर नसते. टायरं, दगड, कुंड्या ठेवून ती आपली होत नाही. तसंच, रस्ता सगळ्यांचा आहे याचा अर्थ माझी गाडी महिनाभर तिथेच राहील, असाही नाही.

पुण्यात नोकरीला असताना पी1 आणि पी2 च्या पाट्या रोज बघायचो. विषम तारखेला एका बाजूला गाड्या, सम तारखेला दुसऱ्या बाजूला. किती साधी गोष्ट! रस्ता कुणाच्याच नावावर करायचा नाही, पाळी लावायची. तिथे वाहतूक शाखा बरेचदा आधी तात्पुरता आदेश काढते, नागरिकांच्या हरकती-सूचना मागवते आणि मग अंतिम निर्णय घेते. पण त्याच पुण्यात मार्च 2018 मध्ये महापालिकेने पार्किंगला पैसे आकारण्याचं धोरण मंजूर केलं, तेव्हा एवढा विरोध झाला की आधी पाचच रस्त्यांवर प्रयोग करू, असं म्हणावं लागलं. फुकट मिळतं ते सोडायला माणसाला किती जड जातं!

ऑगस्ट 2021 मध्ये नवी मुंबईच्या एका जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं होतं की ज्यांच्याकडे गाड्या ठेवायला जागा नाही, अशा कुटुंबांना चार-चार, पाच-पाच गाड्या घेऊ देऊ नयेत. मे 2025 मध्ये आपल्या परिवहनमंत्र्यांनीही जाहीर केलं की पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी होणार नाही, अशा दिशेने नियम करायचा आहे. जपानने हे 1962 च्या कायद्यानेच केलंय. तिथे गाडी ठेवायची जागा आहे असा दाखला लागतो. हे सगळं होईल तेव्हा होईल. पण एक गोष्ट बघा, या सगळ्या नियमांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : मी घेतलेल्या वस्तूचा भार कुणी वाहायचा? गाडी माझी, हप्ता माझा, सावली माझी, आणि तिच्यामुळे अडलेला रस्ता मात्र शेजाऱ्याचा. ज्या घरात गाडी नाही त्या घरानेही आपल्या वाट्याचा रस्ता माझ्या गाडीला द्यायचा. आजींच्या घरात साधी सायकलही नव्हती.

ईशावास्य उपनिषदाची सुरुवातच मुळी या विचाराने होते की हे सगळं जग ईश्वराने व्यापलेलं आहे. म्हणून सोडून देऊन भोग घ्या आणि दुसऱ्याच्या धनाचा लोभ धरू नका. आपण हे पाठ म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर सोनं-नाणं येतं. पण सार्वजनिक जागा हे तर सगळ्यात सहज हडपता येणारं दुसऱ्याचं धन आहे, कारण तिथे ओरडणारा एक मालक नसतो.

आता पुन्हा विदुराच्या घरी जाऊ, कारण उत्तर तिथे आहे.

आमच्या गल्लीत एक निवृत्त सर आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य गेलं. त्या रात्रीनंतर चौथ्या दिवशी सर घराघरात गेले. कुणाला बैठकीला बोलावलं नाही, ग्रुपवर मेसेज टाकला नाही. प्रत्येकाच्या ओट्यावर बसले, चहा घेतला आणि प्रत्येकाला एकच गोष्ट सांगितली : महिन्याच्या 1 ते 15 तारखेला पूर्वेच्या बाजूला गाड्या लावू, 16 पासून महिनाअखेरपर्यंत पश्चिमेच्या. गल्लीच्या तोंडाशी वीस फूट कायम मोकळं. आणि ज्याच्या कंपाउंडमध्ये जागा आहे त्याने गाडी आत घ्यायची. रीतसर आदेश निघावा म्हणून अर्जही करायचा ठरला, तो मी टाइप करून दिला. पण तो निघेपर्यंत आपण आपलं पाळायचं.

त्या दोन घरांपैकी एक तयार झालं. दुसरं झालं नाही. सर पुन्हा गेले, पुन्हा नाही म्हणून ऐकून आले. तिसऱ्यांदा निघाले तेव्हा मी विचारलं, "सर, ते ऐकणार नाहीत हे तुमाले माहीत हाय, मग काहून जाता?" सर चपला घालत म्हणाले, "थो ऐकत नाही हे त्याचं झालं बाप्पा. मी सांगितलं नाही, हे माह्यं व्हईल."

सरांनी उद्योगपर्व वाचलंय की नाही, मला माहीत नाही. पण त्यांच्या बोलण्यात कृष्णाची चौथी गोष्ट जशीच्या तशी होती.

आणि कृष्णाची तिसरी गोष्टही सरांनी पाळली, ती मला जास्त अवघड वाटते. ते एका बाजूचे वकील होऊन गेले नाहीत. दोघांच्याही भल्याचं बोलले. आपण शेजाऱ्याशी बोलायला जातो तेव्हा बहुतेक वेळा समझोत्याचं नाव असतं आणि मनात फिर्याद असते. त्याला ते लगेच कळतं. कृष्ण पांडवांचाच होता, तरीही कौरवांचं कल्याण व्हावं ही इच्छा मनात घेऊन तो सभेत शिरला. पसायदानातही ज्ञानेश्वर माऊली वाईट माणूस नाहीसा व्हावा असं मागत नाहीत. त्याच्या मनातलं वाकडेपण जावं आणि जीवांची एकमेकांशी मैत्री व्हावी, असं मागतात. गाडी हलवून हवी असेल तर माणूस आधी आपला असावा लागतो.

तुम्ही विचाराल, मग त्या घराचं काय झालं? आजही ती एक गाडी महिनाभर एकाच बाजूला असते. गल्ली पूर्ण सुधारली असं मी म्हणणार नाही. पण बाकीच्यांनी त्या एकाकडे बोट दाखवून आपलं पाळणं सोडलेलं नाही. एक बाजू मोकळी असते, संध्याकाळी तिथे पोरं खेळतात. आजी खुर्ची टाकून बसतात. त्या दुसऱ्या घरी मागच्या संक्रांतीला वाण गेलं, आणि ते घेतलं गेलं. गाडी हलली नाही, पण दार उघडलं. सर अजून जातात.

शेवटी एक आपल्याच भागातली गोष्ट. शेगावहून श्री गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला निघते तेव्हा ती आपल्या जिल्ह्यातून जाते. मेडशी, शिरपूर, रिसोड. पालखी येणार म्हटलं की त्या रस्त्यावरचे लोक काय करतात, ते आठवा. पहाटे सडा पडतो, रांगोळ्या निघतात, दारासमोरच्या मोटारसायकली मागच्या बोळीत जातात. ट्रॅक्टर कुणीतरी शेतात नेऊन लावतो. माझ्या घरासमोरची जागा हे तेव्हा कुणाच्या तोंडी नसतं. उलट, माझ्या घरासमोरून पालखी जावी म्हणून जागा मोकळी करायची चढाओढ लागते. रस्ता येणाऱ्यासाठी असतो, ठेवण्यासाठी नसतो, हे आपल्याला ठाऊक आहे. फक्त ते वर्षातून एक दिवस आठवतं.

आता मनात आणा, पालखीच्या दिवशी जो येतो तोच एखाद्या रात्री दम लागलेल्या आजीच्या रूपाने त्याच रस्त्याने जायचा असेल तर? रस्ता कुणासाठी मोकळा ठेवतोय, हे आपल्याला आधी कळत नाही. म्हणून तो रोज मोकळा ठेवायचा.

आजचा संकल्प साधा आहे. रात्री गाडी लावून झाली की दोन पावलं मागे येऊन बघा, एवढ्यातून रुग्णवाहिका जाईल का? नसेल जात, तर चावी पुन्हा फिरवा. आणि गल्लीतल्या ज्या एका घराशी बोलणं बंद आहे, त्या ओट्यावर या आठवड्यात एकदा जाऊन बसा. ते ऐकतीलच असं नाही. विदुरांनाही तीच शंका होती.

हे विठ्ठला, हातात धरलेलं सोडायची बुद्धी आधी मला दे. समोरच्याला कधी द्यायची, ते तू बघ. आणि त्याच्याकडे बोलायला जाताना माझ्या मनात फिर्याद राहू देऊ नकोस.

उद्या आपण सभेतला भाग वाचू. गांधारी आपल्या मुलाला समजवायला येते, तो प्रसंग.

राम कृष्ण हरी.